पट्ट्या ओल्या करण्याची रीत

५ जानेवारी १९९६, शुक्रवार

विंग कमांडर! माझा नवरा इंद्रजित! पट्ट्या वीस तारखेला चढतील, पण मी आजपासूनच म्हणणार. एसटीडी बूथवरून कराडला आईला सांगितले — रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आता हवाई दलाच्या ऑफिसर्स मेसची रीत. नव्या हुद्द्याच्या पट्ट्या रमच्या ग्लासात टाकतात. सगळ्यांसमोर ग्लास एका दमात संपवायचा, मग त्या खांद्यावर. पट्ट्या कोरड्या राहिल्या तर बढती झालीच नाही म्हणतात!

एकच अडचण. अर्धा पेग पोटात गेला की इंद्रजितचा चेहरा लाल, कान लाल, छातीत धडधड. मेसमध्ये "टमाटर साहब" म्हणून हसतात. मला नाही खपत.

८ जानेवारी, सोमवार

शेजारच्या हेमाभाभींनी उपाय सांगितला. "अरे यार उल्का, पीने से पहले एसिडिटी की गोली खिला दो. चेहरा लाल ही नहीं होगा." अमीनाबादच्या बाजारातून पाकीटच आणले.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांतीची पार्टी. गोळी दिली — आणि काय सांगू! दोन पेग झाले तरी चेहरा जसाच्या तसा. हसणाऱ्यांची तोंडे बंद. तिळगूळ वाटत मी मेसभर मिरवून घेतले.

१६ जानेवारी, मंगळवार

बढतीआधीची तपासणी. मीही गेले होते. बीपी चढलेले निघाले. एअर फोर्स स्टेशनच्या डॉक्टर देविका माथुर विचारतात, "पीने पर चेहरा लाल होता है?" इंद्रजितच्या आधी मीच ऐटीत सांगितले, "होता था. अब नहीं. मैंने इलाज कर दिया!"

बाई हसल्या नाहीत. "भाभी, लाली तो खतरे की घंटी थी. आपने घंटी बंद की है, आग नहीं."

त्याच्या शरीराला दारू नीट पचतच नाही म्हणे. अर्धवट पचून तिचे विष होते, ते साठते. त्यानेच लाली, त्यानेच धडधड. गोळीने नुसती लाली झाकते, आणि माणूस जास्त पितो. अशांचे बीपी चढते, पुढे हृदयावर बेतते. मग वडिलांचे विचारले. इंद्रजित हळूच म्हणाला, "वो भी लाल होते थे." सासरे पंचेचाळिशीत हार्ट अटॅकने गेले. हा आत्ता एक्केचाळीस.

"एक बूँद भी नहीं," बाई म्हणाल्या.

आणि मी शहाणी त्याला गोळ्या चारून प्यायला बसवत होते! घरी येऊन पाकीट फेकले.

१८ जानेवारी, गुरुवार

भांडण. "एकच ग्लास, उल्का. सगळं स्टेशन बघत असणार. पट्ट्या कोरड्या ठेवू?"

हट्टी! पण त्याचेही खरे. ऐन उमेदीची वर्षे त्या पट्ट्यांसाठी घातली त्याने. त्या ओल्या झालेल्या मलाही बघायच्यात. नवराही हवाय.

२१ जानेवारी, रविवार

काल ग्लास आला. इंद्रजितचा हात पुढे गेला. मी उठले, त्याच्या आधी ग्लास उचलला आणि एका दमात संपवला — जन्मात पहिल्यांदा! ओल्या पट्ट्या मीच त्याच्या खांद्यावर चढवल्या. तेव्हा कुठे टाळ्या पडल्या.

आणि विंग कमांडर साहेबांनी, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात लिंबूपाणी मागवले.