दुकान लावणं, दुकान चालवणं

अण्णा, मी नोकरी सोडली हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात त्या वर्षी मी नुकतीच दवाखान्याच्या रिसेप्शनवर लागले होते, आणि गुलमंडीतल्या आजूबाजूच्या दुकानदारांना तुम्ही "पोरगी दवाखान्यात असते आता" हे अशा थाटात सांगायचात की निम्म्या लोकांना वाटायचं मी डॉक्टर झाले. त्याच काउंटरमागं माझे केस पांढरे व्हायला लागले. तिथं बसून एक गोष्ट मात्र रोज दिसायची. म्हातारी माणसं एकटी येतात. पोरं पुण्याला, हैदराबादला, कुणाची त्याहून लांब. काखेत फायलीची पिशवी, सोनोग्राफी कुठल्या मजल्यावर हे पुन्हा पुन्हा विचारायचं, आणि डॉक्टर काय म्हणाले ते रिक्षात बसेपर्यंत अर्धं विसरून जायचं. मला वाटलं, आपण हेच काम करावं. माणसाला घरून न्यायचं, सोबत बसायचं, डॉक्टरांचं ऐकून घ्यायचं, घरी आणून सोडायचं आणि पोरांना फोन करून नीट सांगायचं. कामाचं नावही पटकन सुचलं. 'सोबत'.

नाव सुचलं आणि मी तिथंच रुतले. आधी कार्ड करायचं ठरलं, कार्डासाठी चिन्ह हवं, चिन्हासाठी रंग हवा. दोन हात एकमेकांत धरलेले काढून घेतले, ते लग्नाच्या पत्रिकेसारखे दिसायला लागले म्हणून बदलले. मग इन्स्टाग्रामचं पान. मग व्हॉट्सॲपवर आपोआप जाणारा निरोप, त्यात 'नमस्कार' असावं की 'नमस्ते', यावर माझी एक अख्खी दुपार गेली. खोटं वाटेल, पण संध्याकाळी पाठ दुखायची, डोळे चुरचुरायचे, दिवसभर राबल्याचं समाधान वाटायचं. आई आता आमच्याकडंच असते, पुंडलिकनगरला. ती रोज विचारायची, "आज कुणाला नेलंस?" मी म्हणायची, "अजून सुरू नाही केलं गं, तयारी चाललीय." एक दिवस मटार सोलता सोलता ती मान वर न करता म्हणाली, "बस मग. तुझे अण्णाबी असंच दुकान लावत बसायचे."

आणि मला ते दिवस आठवले. तुम्ही अस्तर आणि फॉल विकता विकता शिवलेले परकर ठेवायचं काढलं होतं, तेव्हाचे. सगळं दुकान तुम्ही खाली काढलं. फळ्यांना रंग दिला, पाटी नवी करून घेतली, छापील पिशव्या आणल्या. मी शाळेतून येते तर तुम्ही गादीवर मांडी घालून परकरांच्या घड्या घालताय. फिक्यापासून गडदापर्यंत एक रांग लावायची, दोन पावलं मागं जाऊन बघायची, मान हलवायची आणि पुन्हा मोडायची. गिऱ्हाईक फिरकत नव्हतं असं नाही, पण आलं तरी तुम्हाला घडी विसकटायचं जिवावर यायचं. आई डबा घेऊन आली होती. ती दारातच उभी राहून म्हणाली, "अहो, दुकान लावताय का चालवताय?"

तुम्ही न बघता म्हणालात, "लावल्याबिगर चालंल कसं?"

"आन् चालल्याबिगर लावून काय करायचं?" डबा ठेवून ती निघून गेली. मला तेव्हा तिचाच राग आला. तुमचे हात तर दिवसभर थांबत नव्हते.

तिचं बोलणं तुम्हाला लागलं असणार, कारण त्याच आठवड्यात तुम्ही परकरांचं गठुडं बांधून एसटीनं पाचोडच्या बाजाराला निघालात. मला सुट्टी होती, मीही चढले. मिरच्यावाल्याच्या बाजूला चादर अंथरून आपण बसलो. बाया येतात, कापड चुरगाळून बघतात, नाडी ओढून बघतात. एक जण परकराच्या कमरेपाशी हात फिरवते आणि म्हणते, "ह्याला खिसा नाय व्हय?" तुम्ही म्हणता, "परकराला खिसा कशाला लागतो, बाई?" ती हसून शेजारणीला म्हणते, "ऐक, कशाला लागतो म्हनं! चार पैसं, मिश्रीची डबी कुठं ठिवायची मग?" तुम्हीही हसता. मग तुम्ही विकायचं सोडूनच दिलंत आणि जी येईल तिला विचारत बसलात, किती मोठा पाहिजे, डावीकडं का उजवीकडं. गठुडं जवळपास तसंच परत आलं. मला एसटीत रडू यायचं बाकी होतं, आणि तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "आज लई भारी काम झालं." मला वाटलं, माझी समजूत घालायला म्हणताय. पुढं परकर शिवणाऱ्या शिंपीणबाईंकडून तुम्ही खिसे लावून घेतलेत आणि पाचोडकडच्या बाया 'खिश्याच्या परकराचं दुकान' विचारत गुलमंडीत यायला लागल्या, तरी त्या दिवशी तिथं काम कोणतं झालं हे मला उमगलं नव्हतं. गप्पा तर मारल्या होत्या तुम्ही.

आता समोरच्या काकांचं सांगते. तुम्ही असता तर तुमचं त्यांच्याशी जमलं असतं. जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, बायको गेलेली, मुलगा पुण्यात. परवाच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, मी दोन निळ्या रंगांतला कोणता घ्यावा म्हणून लॅपटॉपसमोर बसले होते. फाटकापाशी रिक्षा थांबली. रिक्षावाला मला विचारत होता, "बाजी, ये चचा इधरकेच हैं क्या? कबसे गल्लियां फिर रहा मैं इनको लेके." आत काका. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय, सदरा घामानं भिजलेला. ते एकटेच डोळे तपासायला गेले होते. तपासणीसाठी थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, तिथून बाहेर उन्हात आले आणि त्यांना काही दिसेना. फोनवरचे आकडे दिसेनात, रस्ता ओलांडता येईना. रसवंतीच्या कडेला किती वेळ बसले होते त्यांनाच माहीत नाही. एका गाडीचा आरसा हाताला लागून गेला होता, कोपर सुजलं होतं.

मी त्यांना घरात आणलं, पंख्याखाली बसवलं, आईनं पन्हं दिलं. थोडं सावरल्यावर म्हणाले, "तुझी आई म्हणत होती तू काहीतरी धंदा सुरू करतीयस. कसला गं?"

मी सांगितलं. त्यांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "मग मला का नाय बोललीस, पोरी? मी समोरच राहतो की."

 त्यांना विचारायला गेले असते, अण्णा, तर ते कदाचित 'कशाला, जातो की मी रिक्षानं' म्हणाले असते. ते ऐकायचं मी टाळत होते, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. कार्ड कधी नाही म्हणत नाही.

पुढच्या तपासणीला मी गेले त्यांच्याबरोबर. तीच माझी पहिली सोबत. बाकावर बसून होतो आम्ही, नुसते बसून. त्यांनी मला ऑफिसातल्या साहेबांचे किस्से सांगितले, मी भेळ आणली, डॉक्टरांनी मोतीबिंदूचं सांगितलं ते ऐकून घेतलं, मुलाला कळवलं. बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी काकांना विचारलं, "सून का?" काका म्हणाले, "सून नाय, सोबत हाय." त्या बाईंनी तिथंच माझा नंबर घेतला. घरी आले तर पाठ दुखत नव्हती, काही केल्यासारखं वाटतच नव्हतं. उलट अपराधी वाटत होतं, दिवस वाया घालवल्यासारखं. हाच माझा गोंधळ आहे. जे काम नव्हतं त्यानं मी दमत होते, आणि जे काम होतं ते बसून राहण्यासारखं दिसत होतं.

बरं, तेवढ्यावर तरी शहाणं व्हावं, तर त्या बाईंच्या मुलानं फोनवर सांगितलं, "तुमचं पान बघितलं, कार्ड बघितलं, व्यवस्थित वाटलं, म्हणून आईला पाठवतोय." म्हणजे ते निळे रंगही फुकट गेले नव्हते? मग कोणती दुपार कामाची होती आणि कोणती नुसती हात गुंतवायची, हे ओळखायचं कशावरून? काकांचं सुजलेलं कोपर आठवलं की वाटतं उत्तर सरळ आहे. या मुलाचा फोन आठवला की पुन्हा सगळं विसकटतं.

शेवटी आईला विचारलं, अण्णा घड्या का घालत बसायचे गं? मला वाटलं होतं ती म्हणेल, भीतीनं. पण ती म्हणाली, "घाबरले की घालायचे. खुशीत असले तरी घालायचे. पाचोडहून आले ना, त्या रातीबी तेच करत बसले, शीळ घालत. मला तरी कधी ओळखता नाय आलं." एवढी वर्षं संसार केलेल्या बाईला कळलं नाही, तर मला कुठून कळावं? तुम्हाला तरी कळत होतं का?

हे पत्र टाकायला पेटी नाही. कपाटात साड्यांखाली ठेवीन, किंवा तेही नाही. पण एक सांगून टाकते. आज सकाळी सिडकोतून एका बाईंचा निरोप आलाय. नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं असतं, त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेत, मी येईन का विचारतायत. अशाच कामासाठी मी नोकरी सोडली. आजवर वाटायचं मला नकाराची भीती आहे. या बाई तर हो म्हणूनच बसल्यात, फक्त माझं हो बाकी आहे, आणि मी फोन पालथा घालून तुम्हाला हे लिहीत बसलेय.