फेब्रुवारीची काडतुसं

२० जून, युमा
सासऱ्यांची रायफल अखेर माझ्याकडे! दहा वर्षं मागत होतो. वर्ना म्हणाली, चार जुलैच्या नेमबाजीच्या सामन्यापुरती देते, नीट वापरलीस तर कायमची तुझी. बाबांच्या हातात चाळीस वर्षांत तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलायची खिट्टी, एकदाही अडकला नाही म्हणे. सोबत त्यांची वही देत होती, काडतुसात दारू किती भरायची याच्या नोंदींची. घेतली नाही. माझी दोनशे फेब्रुवारीतच भरून तयार आहेत. दारू अगदी काठोकाठ.

२४ जून. पारा ११२ फॅरनहाइट
वर्ना म्हणते, थंडीत भरलेली काडतुसं उन्हाळ्यात चालवू नकोस, तापली की दाब वाढतो, दारू कमी करून पुन्हा भर. म्हणजे दोनशे काडतुसं एकेक करून उघडायची? हवामानापुढे नाक घासायचं? संकल्प: काडतुसं फ्रिजमध्ये.

२७ जून
वर्नाचा निकाल: फ्रिजमध्ये एक तर काडतुसं राहतील, नाहीतर बटाट्याचं सॅलड. बर्फाची पेटी आणली. मूळ योजना हीच होती.

४ जुलै, सकाळी ९
पेटी ट्रकमागे. आज मैदान मारणार.

दुपारी १२.३०
बर्फाचं पाणी, पाण्याचा चहा. पहिल्याच गोळीला बोल्ट अडकला. किंचित. म्हणजे हलतच नाही.

२.१०
क्लबचा नियम: बोल्ट उघडल्याशिवाय रायफल जागेवरून हलवायची नाही, सोडूनही जायचं नाही. पंच लूथर म्हणाला, आम्ही जेवून येतो, तू काय, इथेच आहेस. पत्र्याखाली एकटा. सॅलडचा वास येतोय. खरं सांगतो, भीती वाटतेय. रायफल हातची गेली तर?

४.४५
लूथरने लाकडी हातोडीने बोल्ट उघडला. वर्नाने रायफल उचलली आणि ट्रकमध्ये स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. हे फार वाईट.

६ जुलै
रायफल वर्नाच्या कपाटात. काडतुसं उघडतोय. झाली तीन, उरली एकशे शहाण्णव. सासऱ्यांची वही मुकाट्याने मागून घेतली. त्यात उन्हाळ्याचं पान वेगळं आहे. खाली त्यांच्याच अक्षरात: ‘बोल्ट अडकला. तीन तास तिथेच बसून. पोरीला सांगायचं नाही.’

हे पान दाखवलं तर रायफल माझी! पण म्हाताऱ्याचा शब्द मोडवेना. नाही सांगणार. ही रोजनिशी कपाटावर, अगदी मागे ठेवतो. वर्नाचा हात तिथे पोचत नाही.

पोचतो. बाबांच्या वहीपर्यंतही पोचला होता. एकशे शहाण्णव उघडून झाली की रायफल घे.
वर्ना