डाळीचा राहिलेला घास

आई, तू डाळ सोडलीस तो सोमवार मला आठवतो. मी लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीला सोयगावजवळच्या आपल्या गावी आले होते, आणि तू देवापुढं हात जोडून सांगून मोकळी झालीस, की पोरीला नोकरी लागेपर्यंत डाळ खाणार नाही. तुझं हे आधीपासूनच चाललेलं. मला सहाव्या वर्षी टायफॉईड झाला तेव्हा अंडी आणि मटण गेलं. दहावीला दूध गेलं. माझ्या प्रत्येक अडचणीला तुझ्या ताटातलं काहीतरी कमी व्हायचं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. मैत्रिणींना मी ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे. निदान मटकी तरी खात जा, असं मी त्या दिवशी म्हटलं, तर माझ्यावरच उखडलीस. "वरण सोडायचं अन् मटकी हाणायची? देवाला काय कळत नाय व्हय?" मग उसळ गेली, पिठलंही गेलं. शेंगदाणे तर दात पडल्यापासून सुटलेच होते. उरली ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कोरा चहा, आणि एवढ्यावर तू दिवसभर लोकांच्या शेतात कापूस वेचत होतीस.

आता मी शहरात, शहागंजच्या एका गल्लीत, छोट्या लॅबमध्ये रोज लोकांच्या रक्तातली प्रथिनं मोजते. शरीर ज्या तुकड्यांतून प्रथिनं बांधतं, त्यातले काही त्याला स्वतःला बनवता येत नाहीत, ते खाण्यातूनच यावे लागतात. ज्वारीत त्यातला एक फार कमी असतो आणि डाळीत नेमका तोच भरपूर असतो. भाकरीबरोबर वरण खायला आपल्या लोकांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी ताट बरोबर होतं. ते तुकडे बाहेरून मिळायचे थांबले की शरीर स्वतःचेच दंड आणि मांड्या मोडून खायला लागतं. जखमा भरत नाहीत, केस विरळ होतात, अंगात पाणी साचून सूज येते, साधा आजारही उठू देत नाही. हे सगळं मला पुस्तकात होतं. त्यावरच्या प्रश्नाला मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते आणि त्याच सुट्टीत तुझ्या हातची भाकरी खाऊन परत गेले होते. तुझ्या ताटात काय आहे हे मी पाहिलंच नाही.

नोकरी लागली तेव्हा मी किराणावाल्या चाचांच्या फोनवर फोन केला. "ठहर बेटी, तेरी अम्मी को बुलाता," म्हणून त्यांनी कुणाला तरी पिटाळलं आणि तू धापा टाकत आलीस. मी म्हटलं, लागली गं नोकरी, आता खा डाळ. तू हसलीस. "असं फोनवर सुटत नसतं, बाई. तू ये अन् हातानं घास दे." ज्याच्यासाठी सोडलं त्यानंच पहिला घास भरवायचा, ही आपल्या घरची रीत. मी म्हटलं, बरं, येते. नवीन नोकरी, रजा नव्हती. दिवाळीला दीड दिवस आले आणि घास न भरवताच परतले. त्यानंतर आले ती तुला दवाखान्यात न्यायलाच.

कापसाच्या वाळल्या झाडाचं, पळाटीचं टोक तुझ्या नडगीत घुसलं होतं आणि दोन महिने ती जखम ओलीच होती. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला. शेजारच्या बायका कौतुकानं म्हणत होत्या, "लेकीच्या नोकरीनं अंग धरलं बाईनं." तुलाही ते खरं वाटत होतं. मी नडगीवर बोट दाबलं, तर खळगा पडला आणि तसाच राहिला. तुझं रक्त मी स्वतः आमच्या मशीनवर लावलं. आकडा इतका खाली आला की मशीन बिघडलं असं समजून पुन्हा लावलं. तोच आला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लिव्हर आणि किडनी तपासली, दोन्ही ठीक होती. मग त्यांनी विचारलं, "मावशी, जेवता काय तुम्ही?" तू म्हणालीस, "भाकर, मिरची, चहा." "आणि डाळ?" तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही, मला सांभाळून घेतल्यासारखं. ती नजर मला अजून सोसत नाही.

माझ्या खोलीवर जाऊन मी घट्ट वरण केलं आणि वॉर्डात तुला पहिला घास भरवला. डोळे मिटून गिळलास आणि म्हणालीस, "मीठ कमी हाय." पण दोन वर्षांचं रिकामपण आठ दिवसांत भरत नाही. नडगीतला पू रक्तात गेला होता आणि त्याच्याशी लढायला तुझ्या अंगात काही उरलं नव्हतं. दवाखान्यात आणल्यापासून अकराव्या दिवशी तू गेलीस.

याला सतरा वर्षं झाली. लॅबमध्ये सुजलेल्या पायांची बाई आली की तिच्याबरोबरच्या माणसाला मी खडसावून विचारते, ही काय खाते ते तुम्ही बघता का? लोकांना वाटतं, मॅडम फार तापट आहेत.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, नवऱ्यालाही नाही. त्याला मी सांगितलंय की दिवाळीच्या धांदलीत घास विसरला. विसरला नव्हता, आई. लॅबमधली माझी मैत्रीण बरोबर आली होती, शहरातली, असल्या गोष्टींना हसणारी. तू वरणाची वाटी माझ्यापुढं ठेवलीस आणि समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत राहिलीस. तू कशासाठी बसली आहेस हे मला पक्कं ठाऊक होतं. ती हसेल म्हणून मी वाटी उचलली आणि सगळं वरण माझ्याच भातावर ओतून घेतलं.