चेंडूच्या रेषेत

पाटोदा,
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४, दुपार

चि. सौ. अंजना हिस,
आबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. तू आणि लखनराव तिकडे सुखरूप असाल. कारखान्याचा हंगाम सुरू झाला म्हणजे लखनरावांची रात्रपाळी आलीच. त्यांना म्हणावं, कानाला मफलर बांधत जा, तुमच्या कडा गावचा वारा पाटोद्यापेक्षा बोचरा. आपली तूर यंदा छान लागली आहे. बांधावर उभं राहिलं की वाऱ्यानं शेंगा खुळखुळतात आणि मला उगीचच वाटतं, लांब कुठंतरी चौथीचा वर्ग कविता पाठ करतो आहे. शेजारच्या छबुबाईनं तुझ्यासाठी कारळाची चटणी कुटून ठेवली आहे. येशील तेव्हा ने.

तुझ्या तेजूला जरा सर्दी आहे. झोपली आहे.

फोन असताना म्हाताऱ्याला पत्र काय सुचलं, असं तू म्हणशील. फोनवर माझं हल्ली नीट जमत नाही, अंजू. परवा तू विचारलंस, तेजू कशी हाय, तर तुझा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी 'मजेत' म्हणून मोकळा झालो. बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं आपल्यालाच पुन्हा वाचावं लागतं, म्हणून लिहायला बसलो.

तिच्या क्रिकेटचं चांगलं चाललं आहे. सुरजसर मन लावून शिकवतात. सर कसले, माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसून खिडकीतून मैदान बघणारा पोरगा. आता मुलींना नेटमध्ये शिकवतो आणि मी कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसतो. त्याचं शिकवणं बघून पहिले काही दिवस मला धडकीच भरली होती. चेंडू यायच्या आधीच पोरी गुडघ्यावर बसतात. बॅट उलटी फिरवतात. यष्टीच्या मागं, जिथं आमच्या काळी चेंडू चुकून गेला तर मान खाली घालायची, तिथं मुद्दाम मारतात आणि वर हसतात. तेजूला मी म्हणालो, अगं, हा काय खेळ झाला? तर म्हणते, "आबा, मागचं मैदान काय कुणाच्या बापाचं हाय का? तिथं फिल्डर न्हाई म्हणल्यावर चेंडू तिकडंच जाणार की."

आणखी म्हणाली, तुम्ही दिवसभर उभं राहून अठरा रन काढायचे, तेवढ्यात आमची मॅच संपून बक्षीस वाटून मंडप सुटतो.

खरंच आहे ते. आमच्या काळी काथ्याची मॅट मुरमावर अंथरून खिळे ठोकायचे. एका कडेचा खिळा उपटला की चेंडू कुठून कसा उठेल, ते टाकणाऱ्यालाही माहीत नसायचं. डोक्याला काही नाही, मांडीला घडी घातलेला पंचा. सरळ बॅट, डावं कोपर वर, चेंडूमागं अंग. चांगला सोडलेला चेंडू असला तर झाडाखालून टाळी यायची. आता सोडलेल्या चेंडूला कोण टाळी देतो? मला वाटायचं, आमची बॅटिंग वृत्तात बांधलेली होती, या पोरींची नुसतीच मोकळी. नंतर बघता बघता कळलं, त्यांनाही मोजमाप आहे. फक्त ते मला ऐकू येत नव्हतं. सुरज एकेका फटक्याला पाय कुठं, खांदा कुठं, डोकं कुठं, हे इतकं बारकाईनं सांगतो की आमचे सर काय सांगतील.

आत्ता उठून आत जाऊन आलो. झोपलेली आहे. श्वास चालू आहे.

वर मी सर्दी लिहिलं आहे. सर्दी नाही.

तुला आठवत असेल, तेजू सात वर्षांची असताना मी तिच्यासाठी एक चाल लावून दिली होती. अंगणात प्लास्टिकची बॅट घेऊन ती म्हणायची आणि तू धुणं वाळत घालता घालता हसायचीस:

डोकं चेंडूमागे ठेव,
डावं कोपर वर,
पाय गेला चेंडूपाशी
मगच बॅट मार.

यमक काही धड जुळत नव्हतं, तरी तेव्हापासून तिच्या अंगात ते मुरलं. रोज संध्याकाळी मी चेंडू टाकायचा आणि तिनं म्हणत खेळायचं. नऊ वर्षं.

आता सुरजनं तिला जो मागं मारायचा फटका शिकवला, त्याला स्कूप म्हणतात. गुडघ्यावर बसायचं, बॅट उलथन्यासारखी आडवी चेंडूखाली धरायची आणि चेंडूला त्याच्याच वेगानं डाव्या खांद्यावरून मागं जाऊ द्यायचं. त्यात एकच गोष्ट जपायची. डोकं बाजूला काढायचं. म्हणजे माझ्या चालीच्या अगदी उलट.

रविवारी संध्याकाळी अंगणात ती मला तो फटका करून दाखवत होती. मी रबरी चेंडू टाकत होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, सगळं कर, पण डोकं तेवढं रेषेत ठेव. डोकं बाजूला गेलं की नजर गेली आणि नजर गेली की सगळंच गेलं. ती म्हणाली, सर म्हणतात तसं न्हाई. आमची बरीच हुज्जत झाली. मी रुसून चेंडू टाकायचा थांबलो. म्हातारा रुसला की पोरीचं चालत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच रुसलो. शेवटी ती म्हणाली, बरं आबा, तुमच्यासारखं. आणि रबरी चेंडूवर तिनं डोकं रेषेत ठेवून तो फटका मारूनही दाखवला. मला केवढा आनंद झाला. वाटलं, जुनं आणि नवं एका पोरीच्या अंगात एक झालं.

सोमवारी नेटमध्ये लेदरचा चेंडू होता. टाकणारा पोरगा अंगानं दांडगा. ती गुडघ्यावर बसली, बॅट आडवी धरली आणि मी कुंपणाबाहेरून पाहिलं, तिचं डोकं बाजूला गेलंच नाही. माझंच शिकवणं होतं ते. चेंडू बॅटच्या कडेला लागून उसळला आणि डाव्या कानाच्या वर हेल्मेटवर बसला.

आवाज फार मोठा नव्हता. ती तशीच बसून राहिली, मग हेल्मेट काढून हसली. सुरज पळत आला. लगेच दवाखान्यात नेऊ म्हणाला. ती नको म्हणाली. तो ऐकेना. तेव्हा मीच त्याला म्हणालो, तू बाकीच्या पोरी बघ, मी दाखवून आणतो डॉक्टरला. रस्त्यात तिनं माझा हात धरला. म्हणाली, "आबा, डॉक्टर पंधरा दिवस खेळू नको म्हणतील. रविवारी निवड हाय. आईला सांगू नका, रविवारपस्तोर."

बीडच्या रविवारच्या सामन्याचं तुला सांगायला नको. लखनरावांनी तिला यंदाचंच वर्ष दिलं आहे. निवड झाली नाही तर बॅट ठेवायची आणि पुस्तकं धरायची. तेव्हा त्यांचं बोलणं वाजवी वाटलं होतं, आजही वाजवीच आहे. पण पोरीच्या हाताची पकड अशी होती की मी हो म्हणालो. आम्ही दवाखान्याच्या दारावरून तसेच घरी आलो. संध्याकाळी सुरजचा फोन आला. मी म्हणालो, दाखवलं, काही नाही. त्या बिचाऱ्याला अजून तेच खरं वाटतं. त्याला बोल लावू नकोस, अंजू. त्यानं डोकं बाजूलाच घ्यायला शिकवलं होतं.

मंगळवारी ती म्हणाली, उजेड डोळ्यांत टोचतो. मी खिडकीला चादर लावली. बुधवारी सकाळी उलटी झाली. पित्त असेल, असं मी छबुबाईला सांगितलं आणि स्वतःलाही. मग मला वाटलं, मारकुट्या मास्तरासारखं का होईना, पण एकदा तपासून बघावं. मी तिला म्हणालो, आपली चाल म्हण. पहिल्या दोन ओळी म्हणाली. तिसरीला थांबली. माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथंच थांबली. सात वर्षांची असताना झोपेत म्हणायची ती हे. छबुबाई दारात भाकरीचं टोपलं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, पोरगी भर दिवसा झोपायली, आन तुमी कविता म्हनायला लावायलात? कावून दवाखान्यात न्हेत न्हाई?"

मी तिच्यावरच खेकसलो. तुमचं तुम्ही बघा म्हणालो. तिनं टोपलं ठेवलं आणि गेली. आज सकाळी भाकरी आली, ती आली नाही. नातवाच्या हाती पाठवली.

तुला एक गोष्ट कधी सांगितलेली नाही. आमच्या शाळेच्या टीममध्ये बद्रीनाथ नावाचा मुलगा होता. त्या काळात आडवी बॅट घुमवायचं धाडस त्याच्या एकट्यात होतं. सर रागवायचे आणि आम्ही पोरं मनातून त्याच्यावर जीव टाकायचो. एकदा मॅटवरून चेंडू उठला आणि त्याच्या कानावर बसला. तो हसला. पुढं खेळलासुद्धा. घरी गेला, जेवला, म्हणाला डोळ्यावर झापड येते आणि दुपारचा आडवा झाला. दिवेलागणीला त्याची आई उठवायला गेली.

त्यानंतर आमच्या शाळेत कुणी आडवी बॅट मारली नाही. सरांनी काही सांगितलं नव्हतं, आमचे हातच उठेनात. लोक आमच्या बॅटिंगला शुद्ध म्हणायचे, देखणी म्हणायचे. आज इथं बसून वाटतं, ती भीती होती, अंजू. सरळ बॅट, चेंडूमागं अंग, उठलेला चेंडू सोडून देणं, हे सगळं एका मेलेल्या पोराच्या भीतीनं आमच्या अंगात बसलं होतं. आम्ही त्याला नीटपणाचं नाव दिलं. ती भीती आम्हाला आमच्या खेळात सांभाळत होती. मी ती उचलून दुसऱ्याच खेळात नेऊन ठेवली आणि तिथं तिनं पोरीचं डोकं चेंडूच्या वाटेत धरून ठेवलं.

पुन्हा आत जाऊन आलो. या वेळी हाक मारली. 'हूं' म्हणाली आणि कूस बदलली. जेवण झाल्यापासून झोपलीच आहे. दिवसा कधी झोपणारी पोरगी नाही ही, तुझी तूच सांगायचीस, हिला दुपारी झोपवायचं म्हणजे वासराला दावं लावल्यासारखं.



मघापासून मी मनात हिशोब करत होतो की हे पत्र उद्या कड्याच्या गाडीनं जाईल, तुला परवा मिळेल, तू येईपर्यंत रविवार उजाडेल, म्हणजे माझं वचनही राहील आणि तुला सांगितल्यासारखंही होईल. लिहिता लिहिता हा हिशोब माझ्याच डोळ्यासमोर आला. वचन पाळायला मी पोरगी पणाला लावायला निघालो होतो.

तेवढ्यात ती उठून दारात आली. भिंतीला हात लावून उभी होती. कुणाला लिहायलात म्हणाली. मी म्हणालो, तुझ्या आईला, सोमवारचं सगळं.

मला वाटलं, रडेल, भांडेल, माझ्याशी बोलणं टाकेल. मी त्याची तयारी केली होती. ती हळू येऊन खाली बसली, माझ्या खुर्चीच्या पायाला टेकून. म्हणाली, "हेबी लिहा मग. सोमवारपास्नं मला दोन-दोन दिसायलेत. अंगणात दोरीला चेंडू बांधून मारून बघितलं. दोनातला कंचा खरा, कळंना."

मी पेन खाली ठेवलं.

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तुमीबी दोन दिसायलात, आबा. दोन्हीबी लई भ्यायलेत."

गल्लीतल्या शहादेवला हाक मारली, त्यानं जीप दारात आणली आहे. छबुबाई न बोलावता आली. तिनं तेजूच्या अंगावर शाल टाकली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली आहे. अजून माझ्याशी बोललेली नाही. आम्ही थेट अंबाजोगाईला जातो, मोठ्या दवाखान्यात. तिथं डोक्याचा फोटो निघतो. शहादेव म्हणतो, दिवस मावळायच्या आत पोचवतो. सुरजला आत्ताच फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, मी निघतो, तिथंच येतो.

तुलाही फोन केला. 'अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात ये' एवढंच म्हणालो. तू 'काय झालं, काय झालं' विचारत होतीस आणि मी फोन ठेवला. त्याबद्दल माझ्यावर रागव. हे पत्र खिशात ठेवतो आहे. दवाखान्याच्या दारात तू भेटलीस की तुझ्या हातात देईन, कारण तुझ्या तोंडाकडं बघून यातलं एकही वाक्य मला म्हणता येणार नाही. लखनरावांनाही वाचू दे. त्यांनी काय ठरवायचं ते ठरवावं, मी मध्ये पडणार नाही. मात्र पोरीनं आपणहून सांगितलं, हे त्यांच्या लक्षात राहू दे. रविवारचा सामना तिनं आपल्या तोंडानं सोडला. तेवढं धाडस माझ्याच्यानं चार दिवस झालं नाही.

शहादेव हॉर्न वाजवतो आहे. वाटेत मी तिला झोपू देणार नाही. तिला जे आवडेल ते बोलेन, हवं तर तिच्या त्या उलट्या-पालट्या फटक्यांचं एकेक नाव विचारत बसेन.

तू आल्यावर आधी तिच्याकडे जा. माझ्याशी नंतर बोल. नाही बोललीस तरी मी बाहेरच्या बाकावर असेन.

तुझा बाप,
अर्जुनराव