छातीवर डाग घेणार नाही

तुम्ही वावरातून याल तवा मी घरात नसीन. माहा भाऊ निवृत्ती बैलाची दमणी घेऊन आला, त्याच्यासंगं मी आता बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन राह्यली. दम्यानं रात्रभर भिंतीले टेकून बसली होती, ते तुम्ही पाह्यलं. सकाळी सासूबाई म्हणल्या, "उद्या वैदू बोलावून हिच्या छातीले तापल्या सळईचे डाग देऊ." तुम्ही मान खाली घालून निंगून गेले. मी डाग घेणार नाही. निवृत्तीच्या मास्तरच्या दम्याले तिथल्याच डाक्टरच्या सुईनं आराम पडला.

भाकरी टोपल्यात हायेत. आपल्या निजायच्या खोलीतला कापूस आजच बाहीर काढा, त्याच्या धुळीनंच माहा दम कोंडते.

कोणी विचारलं तर माहेरी गेली म्हणू नका. दवाखान्यात गेली, आपल्या मनानं गेली, असं सांगा.

कोकिळा