चादरीचं दुसरं टोक

ता. ६, मंगळवार, दुपार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. अक्षर शेजारच्या मास्तरीणबाईंचं, पण "येतेस की तिकडेच माती व्हायची आहे" हे वाक्य तुझंच. त्यांच्या तोंडी असलं काही यायचं नाही. आपलं ठरलं तसं तू खोली रिकामी केलीस, चुना लावलास, दुसरी खाट आणलीस, खिडकीकडची बाजू मला ठेवलीस. सगळं वाचलं, दोनदा वाचलं. तिकीट अठ्ठावीस तारखेचं आहे. त्याचं लिहितेच, आधी इकडची गंमत ऐक.

सगळे खुशाल. लेक पुलांचे नकाशे काढतो, आणि घरातली फळी तीन महिने वाकडी आहे. सून दवाखान्यात रक्त तपासते. नात शाळेतून आली की तिकडे काय शिकवलं ते मला शिकवते आणि चुकले की कोपऱ्यात उभी करते. मी चौथीत शाळा सोडली ते बरंच झालं. हिच्या हाताखाली पहिलीतूनसुद्धा सुटले नसते.

सकाळी आठला सगळे जातात, ते साडेपाचला लेक नातीला घेऊन येतो. तोवर सातव्या मजल्यावर मी आणि फ्रीज. तो मधूनच घुरघुरतो, मी "काय रे" म्हणते. हसू नकोस. आल्या आल्या दोन महिने माझं एवढंच बोलणं होतं.

मग कपड्यांचं झालं. इथे तळघरात सहा यंत्रं आहेत, सगळ्या इमारतीचे कपडे तिथेच धुतात. एकदा मी बोचकं घेऊन खाली गेले तर एकही यंत्र मोकळं नाही. एकात कुणाचे तरी धुतलेले कपडे तसेच पिळे होऊन पडलेले. आपल्या आईने ओल्या कपड्यांचा ढीग पाहिला असता तर आपली पाठ सोलली असती. मला राहवेना. मी ते बाहेर काढले, झटकले. शेजारी वाळवायचं यंत्र होतं, पण त्यात कपडे भाजल्यासारखे होतात. मग काय, माझ्या बोचक्यात दोन परकर होते. त्यांच्या नाड्या काढल्या, गाठ मारून एकीला एक जोडली, आणि या नळापासून त्या नळापर्यंत बांधली. त्यावर सगळं ओळीने घातलं. आत घालायचे कपडेसुद्धा. काही हातचं राखलं नाही.

दुसऱ्या दिवशी तळघरात कागद चिकटवलेला. लेक तो वाचून आला आणि सोफ्यावर बसला. "आई, इथे दुसऱ्याच्या कपड्यांना हात लावत नाहीत गं." मी म्हटलं, "धुतलेल्यासुद्धा?" तर म्हणतो, "धुतलेल्यासुद्धा. आणि त्या नाड्या राखणदाराकडे आहेत, त्या मागायला मी जाणार नाही." आठवडाभर मी खाली गेले नाही. वाटलं, आपण इथे यायलाच नको होतं.

पुढच्या मंगळवारी जावंच लागलं. एक उंच बाई, माझ्याच वयाची, पांढऱ्या केसांची, मोठी चादर घडी करत होती. एकटीच. एक टोक हनुवटीखाली धरलेलं, दुसरं हाताने गोळा करत होती, आणि मधला भाग जमिनीला लागत होता. मला पाहून थांबली. टोपलीतून माझ्या नाड्या काढल्या, नीट गुंडाळलेल्या. त्या दिवशी मी वाळत घातलेले कपडे तिचेच होते. मला वाटलं आता बोलणी खायची. तिने चादरीची दोन टोकं माझ्यापुढे धरली, बस्स. मी धरली. ओढली, झटकली, चालत तिच्यापाशी गेले, टोकाला टोक लावलं. आपण दोघी करायचो तसंच. तुझ्याकडून नेहमी सुटायचं, हिच्याकडून सुटलं नाही.

आता दर मंगळवारी आम्ही चौघी असतो. उरलेल्या दोघींपैकी एक सुईण होती असं तिच्या हातवाऱ्यांवरून समजलं, तेही एका बाळंतपणाची सगळी हकीगत झाल्यावर. चौघींच्या भाषा चार. उंच बाई तिच्या भाषेत सुनेची तक्रार करते, मी माझ्या भाषेत "अगदी बरोबर" म्हणते. सुना सगळीकडच्या सारख्याच असतात.

पत्र इथे थांबवायचं म्हणत होते. कागद संपला नाही तर काय करणार.

धाकटे, पुढचं मास्तरीणबाईंकडून वाचून घेऊ नकोस. भिंग लाव, हळूहळू वाच. म्हणून अक्षर मोठं काढते आहे. फोनवर मला खोटं बोलता येतं, "सगळं छान" म्हटलं की झालं. कागदावर जमत नाही. एकेक अक्षर लावायला वेळ लागतो, तोवर खरं ते वर येतं.

सुनांची थट्टा केली, पण माझी सून तशी नाही. तिची गाडी सहाला येते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. गाडी थांबते, दिवे विझतात, आणि ती उतरत नाही. दहा मिनिटं, कधी पंधरा. रोज. मला वाटायचं फोनवर असेल. एकदा मी खाली गेले, पलीकडचं दार उघडून शेजारी बसले. गाडी वळवायच्या चाकावर डोकं टेकून बसली होती.

दचकली. "आई, बरं नाही का तुम्हाला?"

"मला बरं आहे. तुला?"

"दोन मिनिटं बसू द्या."

"बस की. मी कुठे उठवतेय."

मग समोर बघूनच बोलली. "आम्ही दर रविवारी ठरवतो, परत जायचं. दर सोमवारी कामाला जातो. दहा वर्षं झाली, आई. दिवसभर मी नळ्यांवरची नावं वाचते, माझ्या नावाने हाक मारणारं इथे कोण आहे? तुम्ही आलात त्या आठवड्यात मी दारातून आत आले, तर तुम्ही आतूनच ओरडलात, 'आलीस का गं?' मी बूट काढत तशीच उभी राहिले."

नेहमीचंच होतं गं ते, मला आठवतही नव्हतं.

मग म्हणाली, "अठ्ठावीसलाच ना?" मी हो म्हटलं. तिने काच पुसायची दांडी सुरू केली. पाऊस नव्हता, काच कोरडी होती. राहा म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला नाही म्हणता आलं असतं.

मी जात नाहीये, धाकटे. अजून इथे कुणाला सांगितलं नाही. आधी तुला सांगते, कारण शब्द तुला दिला होता. वर्षभराने येईन असं लिहिणार होते, पण आपल्या वयात वर्ष म्हणजे काय ते तुलाही कळतं.

आणखी एक. सगळं सुनेवर ढकलत नाही. मी इथे हालात असते तर आले असते. पण मंगळवारी मला उशीर झाला तर तिघी जणी जिन्याकडे बघत असतात. या वयात माझी वाट बघणारं नवं माणूस मिळालं, याचा मला आनंद झाला. तुझी खोली चुना लावून वाट बघत असताना झाला. हे तुझ्यापासून लपवायचं होतं, म्हणून वर इतकी बडबड केली.

रागव. मास्तरीणबाईंना सांगून रागाचं पत्र लिहून घे, मी दोनदा वाचीन. खिडकीकडच्या खाटेवर तू झोप, पहाटे वारा चांगला येत असेल.

आज चादर ओढताना एकदम वाटलं, तिकडे तू एक टोक हनुवटीखाली धरून एकटीच घडी घालत असशील. मधला भाग जमिनीला लागत असेल.

तुझी,
दुसरं टोक धरायला न आलेली,
ताई