लाल नाडीतली चावी

१९ जून २०१७, नरपड
जुई सहावीत गेली. गेल्या वर्षीचाच युनिफॉर्म बसला, बाही सोडायचीही गरज नाही. शिवणाऱ्या हंसाबेन म्हणाल्या, पोरगी कपडे जपते हां. मान हलवली. बाहेर येऊन डोळे पुसले.
मुंबईच्या डॉ.नी क्रोन्स म्हटल्याला वर्ष होत आलं. आतड्यांना सूज, कमी-जास्त होत राहणार, गोळ्या चालूच. नातेवाइकांना मी ‘पोटाचं आहे’ एवढंच सांगते.

२७ जून
डबा तसाच परत. पाण्याची बाटलीही भरलेली. रागावले. तर म्हणते, काही पोटात गेलं नाही की जावं लागत नाही. मुलींच्या संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही. आणि तासाला सारखा हात वर केला की मागची मुलं हसतात.
वाडीत चिकूच्या एकेका झाडाला पाण्याची नळी नेलीय आम्ही. आणि पोर शाळेत तहानलेली बसते. मला जेवण गेलं नाही.

५ जुलै
हेडबाईंना भेटले. भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण बाई भल्या. टीचर्सच्या संडासाची एक चावी जुईला, न विचारता उठायची परवानगी. जुईने चावी लाल नाडीत ओवून गळ्यात घातली.

२२ ऑगस्ट
डबा रिकामा. वजन थोडं वाढलं. आज वाडीत जुई बांबूला बांधलेली जाळी घेऊन चिकू उतरवत होती. ओरडणार होते. नाही ओरडले.

१६ नोव्हें.
हेडबाईंचा फोन. आधी विचारलं, पोट दुखतंय का? दुखणं नव्हतं. जुईच्या चावीने वर्गातल्या सगळ्या मुली टीचर्सच्या संडासात जातात म्हणे, रांग लागते. चावी तिच्या एकटीसाठी, नाहीतर उद्या परत द्या.
संध्याकाळी विचारलं.
“मनीषाची पाळी आली होती. तिला नाही म्हणू?”
समजावलं, तुझं वेगळं आहे बाळा, तुला गरज आहे.
“मी एकटी उठते तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात, आई. सगळ्या येतात तेव्हा कोणी बघत नाही.”
ह्यांचं म्हणणं, देऊन टाक परत, आपण मुलींच्या संडासाला कडी बसवून देऊ. आणि पाणी कुठून आणणार? परत दिली की पुन्हा उपाशी बसेल ही, मला ठाऊक आहे. एकटीसाठी ठेवली तर मैत्रिणी तुटतील. भयंकर राग आलाय, कुणाचा ते कळत नाही.

१७ नोव्हें.
जुईने गोळ्या न सांगता घेतल्या. नाडी आज गळ्यात नाही, चावी मुठीत. मी येते म्हटलं शाळेत. म्हणाली, “नको. बाईंशी मी बोलते.” काय बोलणार ते सांगितलं नाही. रिक्षात बसली, मागे वळून बघितलंही नाही.
बाटली मी काठोकाठ भरून दिलीय. संध्याकाळी ती किती रिकामी येते, तेवढंच बघायचं.